खाडीकाठची तिवरे : जमीन कोणाची, जबाबदारी कोणाची?



येत्या २६ जुलैला संत योआकिम आणि संत अन्ना यांचा सण आहे. प्रभू येशूच्या या आजी-आजोबांच्या निमित्ताने आपण आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचीही आठवण ठेवतो. हीच तारीख आणखी दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. २००५ साली याच दिवशी मुंबई आणि परिसरात महापूर आला. पुढे २०१५ साली युनेस्कोने २६ जुलै हा आंतरराष्ट्रीय कांदळवन संवर्धन दिन म्हणून जाहीर केला. या तारखा एकाच दिवशी याव्यात हा योगायोग आहे. पूर आणि कांदळवन यांचे नाते मात्र खरे आहे, आणि आपण वसईकरांनी ते समजून घ्यायला हवे. या रविवारचा अभ्यासलेख त्यासाठी आहे.

‘कांदळवन’ हा सरकारी कागदावरचा शब्द. पाठ्यपुस्तकात ‘खारफुटी’ असे म्हणतात. आपण खाडीकाठचे लोक मात्र सरसकट ‘तिवरे’ म्हणतो. या लेखातही तोच शब्द वापरू या.

१. तिवर म्हणजे काय?

शेताचा बांध फुटून खारे पाणी आत शिरले की भात जळून जातो, हे आपल्या शेतकऱ्यांना कोणी सांगायला नको. बहुतेक झाडांना मीठ सोसत नाही. त्यांच्या मुळांना मोकळी हवा लागते आणि बी रुजायला स्थिर जमीन लागते. खाडीच्या काठावर यातले काहीच नाही. दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते. जमीन म्हणजे गुडघाभर चिखल. अशा ठिकाणी जी मोजकी झाडे तग धरू शकतात, त्यांनाच आपण तिवरे म्हणतो. महाराष्ट्रात त्यांच्या सुमारे २० जाती आहेत. खरा तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, हुरा ही त्यांतील काही नावे. यांपैकी पांढरी चिप्पी हे झाड २०२० साली महाराष्ट्राचा ‘राज्य कांदळवन वृक्ष’ म्हणून जाहीर झाले.

ही झाडे जगतात कशी? तिवराभोवतीच्या चिखलातून पेन्सिलीच्या टोकासारखे असंख्य कोंब वर आलेले दिसतात. ते नवे रोप नव्हे, ती झाडाची श्वास घेणारी मुळे आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून मुळे हवेसाठी वर येतात. कांदळाने दुसरी युक्ती शोधली आहे. त्याच्या खोडातून चहूबाजूंनी कमानीसारखी आधारमुळे निघतात. त्यामुळे मऊ चिखलातही झाड घट्ट उभे राहते. मिठाचे काय? कांदळ बरेचसे मीठ मुळांशीच गाळून बाहेर ठेवतो. तिवर मीठ आत घेतो आणि पानांतून बाहेर टाकतो. उन्हाच्या वेळी तिवराचे पान जवळून पाहा, त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतील.

बियांची कथा तर अधिकच नवलाची. भरतीच्या पाण्यात पडलेले साधे बी वाहून जाईल किंवा कुजेल. म्हणून कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. आपल्याला जी लांब हिरवी शेंग वाटते, ते खरे म्हणजे तयार रोप असते. ते गळून पडले की चिखलात रुतते, किंवा पाण्याबरोबर तरंगत जाऊन दुसऱ्या काठाला लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

२. चिखलातील पाळणाघर

तिवराची पाने गळून चिखलात पडतात. खेकडे ती कुरतडतात, जिवाणू आणि बुरशी ती कुजवतात. त्या कुजलेल्या पानांच्या कणांवर बारीक जीव जगतात, त्या जिवांवर माशांची पिल्ले जगतात आणि त्या पिल्लांवर मोठे मासे. कोळंबीच्या अनेक जाती समुद्रात अंडी घालतात, पण त्यांची पिल्ले वाढण्यासाठी खाडीत येतात. जिताडा आणि बोय या माशांची पिल्लेही खाडीच्या उथळ पाण्यात वाढतात. कारण सोपे आहे. तिवरांच्या मुळांच्या गुंत्यात मोठ्या माशाला शिरता येत नाही, पाणी संथ असते आणि अन्न भरपूर असते. चिंबोरी आणि निवटी यांचे तर तेच घर आहे.

आपल्या कोळी बांधवांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. खाडीत पाग टाकणारा माणूस, ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून चिंबोऱ्या, शिंपल्या आणि कालवे गोळा करणारी बाई यांना ठाऊक असते की जिथे तिवरे दाट तिथे माल अधिक. या बाईकडे होडी नसते, बर्फ नसतो, कर्जाची सोय नसते. खाडी हेच तिचे भांडवल. म्हणून तिवरे गेली की पहिला फटका तिच्या टोपलीला बसतो. मोठ्या बोटीवाल्याला तो काही वर्षांनी जाणवेल, बाजारात मासळी विकत घेणाऱ्याला त्याहून उशिरा.

खाडी फक्त आपलीच नाही, हेही सांगितले पाहिजे. ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो हजारोंच्या संख्येने येतात. तिवरे आणि त्यांच्या पुढची चिखलाची मैदाने यांवर त्यांचे पोट चालते. २०१५ साली तेथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले.

३. पाणी कुठे जाणार?

आता पुराकडे वळू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कोणत्याही शहराला झेपला नसता. तिवरे पाऊस थांबवू शकत नाहीत, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु पडलेले पाणी कुठे गेले असते, हा प्रश्न उरतोच. मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या दोन्ही काठांची खाजणे आणि तिवरांची जागा वर्षानुवर्षे भराव घालून बुजवण्यात आली होती. नदीला पसरायला जागा राहिली नव्हती. त्यात समुद्राला भरती होती. मग पाणी लोकांच्या घरांत पसरले.

आपल्या वसईची रचना डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेला उल्हास नदीचे मुख, म्हणजे वसईची खाडी. उत्तरेला वैतरणा. पश्चिमेला समुद्र. पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर. त्या डोंगरांवर पडलेले पाणी उतारावरून खाली येते, रेल्वेमार्ग ओलांडते आणि मिठागरे व खाजणे यांतून खाडीकडे जाते. मोठी भरती असेल तेव्हा खाडीचे पाणी चार मीटरहून अधिक वर चढते आणि नाल्यांची तोंडे उलट दाबली जातात. ओहोटी लागेपर्यंतचे ते काही तास पाण्याला कुठेतरी थांबावे लागते. खाजणे, मिठागरे आणि तिवरांचा पट्टा ही ती थांबण्याची जागा. घराला ओटा असतो तसा हा जमिनीचा ओटा आहे. तो बुजवला तर पाहुणा थेट घरात येणार.

२०१८ च्या जुलै महिन्यात आपण हेच अनुभवले. काही दिवसांच्या सलग पावसाने वसई-विरारच्या अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या, नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी आल्याने गाड्या थांबल्या, अनेक भागांत वीज गेली. मिठागरांत राहणारी कुटुंबे पाण्याने वेढली गेली. त्या पुराला केवळ तिवरांची तोड जबाबदार होती असे कोणी म्हणणार नाही. अरुंद झालेले नाले, बुजवलेली बावखले, सखल जागेतील बांधकामे या सर्वांचा त्यात वाटा होता. पण या सर्व गोष्टींचे मूळ एकच आहे. जिथे पाणी थांबत होते त्या जागेला आपण ‘रिकामी जागा’ समजलो.

पुराच्या पाण्याइतकेच वादळाच्या लाटांचेही आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले. सुमारे १० हजार माणसे दगावली. पुढे अभ्यासकांनी तेथील केंद्रापाडा जिल्ह्यातील गावांची तुलना केली. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये तिवरांचा रुंद पट्टा होता, तेथे समुद्राच्या पाण्याने घेतलेले बळी कमी होते. मुळांच्या आणि खोडांच्या जाळ्यातून येताना लाटेचा जोर मोडतो. आपला किनारा पूर्व किनाऱ्याइतका वादळी नाही. तरीही २०२० चे ‘निसर्ग’ आणि २०२१ चे ‘तौक्ते’ आपण पाहिले आहे.

याखेरीज तिवरांचे आणखी एक मुके काम आहे. त्यांच्या चिखलात हवा नसल्यामुळे गळलेली पाने व मुळे पूर्ण कुजत नाहीत. त्यांतील कार्बन शेकडो वर्षे जमिनीत पडून राहतो. तेवढ्याच आकाराच्या डोंगरावरील जंगलापेक्षा तिवरांचे जंगल कितीतरी अधिक कार्बन धरून ठेवते. ते उकरले की तो पुन्हा हवेत जातो.

४. कुऱ्हाडीशिवाय मारलेली झाडे

तिवरे मरतात कशी, हे नीट समजले नाही तर त्यांची राखणही करता येणार नाही. कुऱ्हाडीने तोडलेले झाड सर्वांना दिसते. परंतु आज बहुतेक ठिकाणी कुऱ्हाड लागतच नाही.

पहिली रीत म्हणजे भराव. जुने घर पाडले, फरशी बदलली, नवी इमारत उभी राहिली की विटा-मातीचा ढिगारा निघतो. तो कुठेतरी टाकावा लागतो. रात्री ट्रक येतो आणि खाडीच्या कडेला रिकामा होतो. श्वास घेणारी मुळे मातीखाली गाडली गेली की झाड गुदमरते.

दुसरी रीत म्हणजे पाणी अडवणे. भरतीच्या मुखाशी एक लहानसा बांध घातला, किंवा रस्त्याखालची मोरी बुजवली, की आतल्या तिवरांचे येणे-जाणे बंद होते. पावसाळ्यात आत पाणी तुंबून मुळे कुजतात. उन्हाळ्यात जमीन सुकून मिठाचा थर साचतो. एक-दोन वर्षांत झाडे उभी वाळतात. मग कोणीतरी म्हणते, “येथे तिवरे नाहीतच, ही तर पडीक जमीन आहे!”

तिसरी रीत म्हणजे कचरा. प्लास्टिकच्या पिशव्या मुळांच्या टोकांवर टोपीसारख्या अडकतात. सांडपाणी आणि कारखान्यांचे तेलकट पाणी चिखलावर थर धरते.

चौथी रीत म्हणजे मोठे प्रकल्प. मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील सुमारे २० हजार तिवरे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. आधी मांडलेला आकडा ५० हजारांच्या वर होता. आराखड्यात बदल झाल्यावर तो खाली आला. यातून एक धडा घेता येतो. प्रकल्प आवश्यक असला, तरी ‘यापेक्षा कमी नुकसानीत होईल का?’ हा प्रश्न विचारण्यासारखा असतो आणि त्याला उत्तर मिळू शकते.

तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे रोपे लावतात, हे खरे. पण खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या जुन्या तिवरांचे काम दूरच्या जागेतील रोप करू शकत नाही. शिवाय जिथे भरतीचे पाणी नीट पोचत नाही, तिथे लावलेली रोपे जगत नाहीत. उलट अडवलेले पाणी मोकळे केले, तर शेजारच्या झाडांची रोपे तरंगत येऊन आपोआप रुजतात. मघाशी पाहिलेली ती हिरवी शेंग येथे कामी येते. म्हणून आधी पाणी, मग झाड, हा क्रम ध्यानात ठेवावा.

कोणी विचारेल, ‘सरकारी आकडे तर तिवरे वाढल्याचे सांगतात!’ तेही खरे आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१७ च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवनाचे क्षेत्र ३०४ चौरस किलोमीटर होते, २०२१ च्या अहवालात ते ३२४ झाले, २०२३ च्या अहवालात सुमारे ३१५ आहे. मोजण्याची साधने आणि पद्धत सुधारत गेल्यामुळे या आकड्यांची थेट तुलना करणे कठीण आहे. पण कायद्याच्या संरक्षणाचा फायदा झाला, यात शंका नाही. तरीसुद्धा राज्याची बेरीज वाढली म्हणून आपल्या नाल्याच्या तोंडाशी असलेली तिवरे वाचली असे होत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातील तिवर आपल्या आळीतील पाणी ओढून घेणार नाही.

५. कायदा काय सांगतो?

किनारपट्टीच्या संरक्षणाचे नियम देशात प्रथम १९९१ साली आले. आज २०१९ ची अधिसूचना लागू आहे. तिच्यात कांदळवने सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात मोडतात. महाराष्ट्रापुरते पाहता सर्वांत मोठे पाऊल न्यायालयाने उचलले. एका पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर ६ ऑक्टोबर २००५ रोजी, म्हणजे महापुरानंतर सव्वादोन महिन्यांनी, मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांची तोड थांबवण्याचा आणि त्यांच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकाम व भराव न करण्याचा अंतरिम आदेश दिला. १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकाल आला. तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरील घाला आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. जमीन सरकारी असो वा खासगी, बंदी सर्वांना लागू आहे. नष्ट झालेली तिवरे पुन्हा उभी करण्याची जबाबदारीही राज्य सरकारवर टाकली.

२०१२ साली राज्याच्या वनविभागात स्वतंत्र ‘कांदळवन कक्ष’ सुरू झाला. म्हणजे कायदा आहे, न्यायालयाचा आदेश आहे, खातेही आहे. उरतो तो आपला डोळा. रात्री अकरा वाजता कोणत्या वळणावर ट्रक रिकामा होतो, हे मंत्रालयाला दिसत नाही, आपल्याला दिसते.

६. तीन आक्षेप

या विषयावर बोलताना तीन आक्षेप हमखास ऐकू येतात. त्यांना टाळून चालणार नाही.

‘तिवरांमुळे डास होतात.’ डास तुंबलेल्या पाण्यात होतात. जिथे भरती-ओहोटीचे पाणी रोज येते-जाते, तिथे त्यांना फारसा थारा मिळत नाही, शिवाय लहान मासे त्यांच्या अळ्या खातात. बांध घालून पाणी कोंडले आणि त्यात कचरा टाकला, की डास वाढतात. दोष कोंडण्याचा आहे.

‘मग विकास नको का? गरिबांनी राहायचे कुठे?’ हा आक्षेप अधिक गंभीर आहे. भराव टाकलेल्या जागेवर ज्या स्वस्त चाळी उभ्या राहतात, त्यांत राहणारी कुटुंबे कष्टकरी असतात. आयुष्यभराची पुंजी घालून त्यांनी खोली घेतलेली असते. कित्येकांना जागेचा इतिहास ठाऊक नसतो. पाणी भरते तेव्हा पहिला गाळ त्यांच्याच घरात शिरतो आणि बेकायदा बांधकाम म्हणून कारवाई झाली तर रस्त्यावरही तेच येतात. भराव घालून नफा मिळवणारा मात्र तोपर्यंत दुसरीकडे गेलेला असतो. म्हणून तिवरांची बाजू घेणे म्हणजे गरिबांच्या विरुद्ध जाणे, हे समीकरण बरोबर नाही. त्यांना सुरक्षित जागी घर मिळावे, ही मागणीही आपणच केली पाहिजे.

‘जमीन आमच्या बापजाद्यांची आहे.’ हा आक्षेप आपल्यातीलच काही कुटुंबांचा आहे आणि तो मनापासूनचा आहे. पूर्वी खाजणात बांध घालून खारे भात पिकवत. पुढे शेती परवडेना, माणसे नोकरीला गेली, बांध फुटले, भरती आत आली आणि तिवरे उगवली. आता सातबारा आपल्या नावाचा, पण तेथे काहीच करता येत नाही. शेजारच्याची जमीन कोटींत गेली आणि आपली पडून आहे, याचे दुःख खोटे नाही. लाभ सर्वांना आणि भार एकावर, ही वाटणी न्यायाची नाही. अशा कुटुंबांना मोबदला मिळावा, अशी मागणी धर्मग्रामाने त्यांच्या बरोबरीने करायला हवी. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की रात्री मोरी बुजवून झाडे वाळवणे हा त्या अन्यायावरचा उपाय नव्हे. तो अन्याय फक्त पुढच्या घरावर ढकलला जातो.

जगण्याचे काही मार्ग खुलेही झाले आहेत. २०१७ पासून राज्यात कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे. तिच्यातून खाडीकाठच्या गावांतील गटांना चिंबोरी पालन, कालवे पालन, निसर्ग पर्यटन अशा कामांसाठी मदत मिळते. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांच्या बचत गटाने होडीतून कांदळवनाची सफर सुरू केली आणि ती नावारूपाला आणली. यातून कोणी कोट्यधीश होणार नाही. पण उभ्या तिवरांतूनही चूल पेटू शकते, हे त्या भगिनींनी दाखवून दिले.

७. सामाईक गोष्टीची राखण

सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने एक साधे निरीक्षण नोंदवले. जी गोष्ट सर्वांत अधिक लोकांच्या सामाईक मालकीची असते, तिची काळजी सर्वांत कमी घेतली जाते, अशा अर्थाचे ते आहे. प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणीतरी पाहील. आपल्या गावची विहीर, बावखल, गुरचरण, खाडी यांचे काय झाले ते आठवले की हे निरीक्षण पटते. अंगण आपण रोज झाडतो आणि केर कुंपणापलीकडे लोटतो.

ॲरिस्टॉटलचा अभ्यास करणाऱ्या संत थॉमस अक्वायनस यांनी मालमत्तेविषयी विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या. वस्तू मिळवण्याचा आणि सांभाळण्याचा अधिकार एकेका माणसाकडे असावा, कारण त्यामुळे निगा चांगली राहते. पण तिच्या उपयोगाच्या बाबतीत माणसाने ती केवळ आपली समजू नये, गरजवंताचाही तिच्यावर हक्क आहे हे मानावे. सातबारा आणि खाडी यांतील भांडण सोडवताना हा भेद उपयोगी पडतो. जमिनीचा तुकडा माझा असेल, पण त्यावरून वाहणारे भरतीचे पाणी माझे नाही. त्या पाण्याबरोबर येणारी कोळंबी माझी नाही. ते पाणी अडले तर ज्या घरात शिरेल, ते घरही माझे नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. त्यात किनारपट्टीवरील कांदळवनांवर जगणाऱ्या जीवसृष्टीच्या ऱ्हासाबद्दल स्पष्टपणे चिंता व्यक्त केली आहे. रोमहून लिहिलेल्या पत्रात आपल्या चिखलातील झाडाचा उल्लेख यावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. पण पृथ्वीचे आक्रंदन आणि गरिबांचे आक्रंदन वेगळे नाही, हे त्या पत्राचे सूत्र आहे. आपल्या खाडीवर ते अक्षरशः लागू पडते.

वसईला हा विचार नवा नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथील हिरवा पट्टा आणि विहिरींचे गोडे पाणी वाचवण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून त्या लढ्याचे नेतृत्व केले. तेव्हा प्रश्न केळीच्या बागांचा आणि विहिरींचा होता. आज तोच प्रश्न खाडीकडून आपल्यापर्यंत आला आहे.

८. आपण काय करू शकतो?

मोठ्या प्रतिज्ञा नकोत. चार साध्या गोष्टी करू या.

पहिली : घराची दुरुस्ती किंवा नवे बांधकाम काढताना ठेकेदाराला आधीच विचारा, ‘ढिगारा कुठे टाकणार?’ उत्तर कागदावर घ्या. स्वस्तात नेतो म्हणणाऱ्याचा ट्रक बहुधा खाडीकडेच जातो.

दुसरी : भराव, बांध किंवा तोड दिसली तर तारीख, वेळ, जागा आणि शक्य असल्यास छायाचित्र यांसह लेखी तक्रार करा. तहसीलदार कार्यालय, महापालिका, वनविभागाचा कांदळवन कक्ष किंवा पोलीस ठाणे येथे ती देता येते. पोच घ्यायला विसरू नका. एकट्याने पुढे होऊ नका, ट्रक अडवायला तर मुळीच जाऊ नका. आळीतील पाच-दहा जणांच्या सह्या असलेला अर्ज अधिक सुरक्षित आणि अधिक परिणामकारक असतो.

तिसरी : पावसाळ्यापूर्वी आपल्या भागातील मोऱ्या आणि नाल्यांची तोंडे उघडी आहेत का, ते पाहा. भरतीचे पाणी जिथपर्यंत पूर्वी येत होते तिथपर्यंत येते का, हे वडीलधाऱ्यांना विचारा.

चौथी : मुलांना ओहोटीच्या वेळी, जाणत्या माणसाच्या सोबतीने, खाडी दाखवा. निवटी चिखलावर उड्या मारताना पाहिलेले मूल त्या चिखलाला पुन्हा ‘घाण’ म्हणणार नाही.

लघु ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या आजी-आजोबांच्या लहानपणी खाडी कुठपर्यंत येत होती? कोणती मासळी मिळत असे? त्यांना विचारून लिहून काढा.

२. आपल्या आळीत पावसाचे पाणी कोणत्या वाटेने खाडीला जाते? ती वाट आज कुठे अडली आहे?

३. २०१८ च्या पुरात आपल्या परिसरात सर्वांत अधिक नुकसान कोणाचे झाले? त्या कुटुंबांशी आपले नाते काय?

४. ज्यांच्या मालकीच्या खाजणात तिवरे उगवली आहेत, अशी कुटुंबे आपल्या समूहात आहेत का? त्यांचे म्हणणे आपण शांतपणे ऐकले आहे का?

पहिल्या प्रश्नाची उत्तरे कागदावर लिहून देवळाच्या कार्यालयात आणून द्यावीत. २६ जुलैच्या निमित्ताने आजी-आजोबांशी बोलायला याहून चांगला विषय मिळणार नाही. जुन्या माणसांच्या आठवणीतील खाडी आणि आज दिसणारी खाडी एका नकाशावर मांडली, तर कुठली मोरी आधी उघडायची हे आपल्यालाच कळेल. त्या नकाशासह अर्ज घेऊन आपण सर्व मिळून तहसीलदार कार्यालयात जाऊ.

आपला,
धर्मगुरू